न मागणाऱ्या काकूंचं पाणी

"आवं मॅडम, तुमचं ते यंत्र लय गुणाचं हाय. कुणालाच न्हाई म्हणत न्हाई!"

पाणी संस्थेचे अध्यक्ष फोनवर होते, रिटायर्ड सुभेदार. कौतुक चाललंय असं समजून मी खुशीत "थँक्यू" म्हणाले.

"आन् त्यापायी शकूकाकूंचं आलं वाळाय लागलंय. अकरा दिस झालं, पाणी न्हाई. उद्या कोरेगावला या, न्हाईतर यंत्र घिऊन जावा."

माझी साताऱ्यात छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. कोरेगावजवळच्या या संस्थेला आम्ही एआय एजंट करून दिला होता. एजंट नुसत्या गप्पा मारत नाही, कामंही करतो. शेतकऱ्याने व्हॉट्सॲपवर विचारायचं, एजंटाने उत्तर द्यायचं आणि गरज पडली तर पाण्याची पाळी बदलायची. त्यासाठी त्याला 'टूल', म्हणजे कामाची अवजारं, द्यावी लागतात. टूलच्या आतला कोड त्याला दिसत नाही. आपण बाहेर लिहिलेलं वर्णन वाचून तो ठरवतो, कुठलं टूल कधी वापरायचं. डब्यांवरची लेबलं वाचून परक्या घरात स्वयंपाक करावा तसं.

मी दोन टूल दिली होती, 'पाळी दाखवा' आणि 'पाळी बदला'. दुसऱ्याचं वर्णन लिहिलं होतं, 'शेतकऱ्याच्या मागणीनुसार पाळी बदलते.' बस. कपातला चहा गार व्हायच्या आत लिहून मोकळी झाले होते!

दुसऱ्या दिवशी आधी काकूंचं रान गाठलं. मे महिन्याचं ऊन, आणि आल्याची कोवळी पाती पिवळी पडलेली. काकूंचं वर्षाचं सगळं त्या आल्यावरच. चिडल्या असतील म्हणून मी तयारीत होते, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "यील की माजी पाळी. नंबर हाय न्हवं माजा?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संस्थेच्या ऑफिसात सुभेदार वाट बघत होते. तिथे मी लॉग उघडला. लॉग म्हणजे एजंटाने काय काय केलं त्याची नोंद. 'राम राम, आमचं जरा आदी बघा की.' एजंटाने पाळी आधी घेतली. 'आमचंबी बघा, लय ऊन हाय.' तीही घेतली. यादीतल्या प्रत्येकाने मागितलं होतं. एकट्या काकूंनी नाही. त्यामुळे त्या रोज एकेक पायरी खाली, थेट तळाला.

"सगळ्यांनाच एवढी घाई?" मी विचारलं.

कोपऱ्यात पाटकरी तात्या बसले होते. गेली वीस-बावीस वर्षं गावाचं पाणी तेच सोडतात. ते खो खो हसले. "घाई कुणाला? ती इचारायची रीत हाय. माणूस भेटला की आदी राम राम, मग 'आमचं जरा बघा'. मी म्हणतो, बघतो. त्योबी घरला जातो, मीबी जातो."

"आणि बघता काय?"

"कायबी न्हाई."

घ्या! गावाला ठाऊक, तात्यांना ठाऊक, फक्त एजंटाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. मी लॅपटॉप पुढे ओढला. "तात्या, मग खरोखर पाळी कधी बदलता?"

"ज्याची जाणार आन् ज्याला मिळणार, दोघांनीबी सोताच्या तोंडानं व्हय म्हणलं तरच. आन् डोकं चालंना की सुभेदारांकडं धाडतो."

तेच मी 'पाळी बदला'च्या वर्णनात लिहून काढलं. 'देणारा आणि घेणारा, दोघांनीही होकार दिला असेल तरच वापरा. नुसतं "आधी बघा" म्हटलं तर पाळी बदलू नका, त्यांचा नंबर दाखवा. शंका आली तर अध्यक्षांना विचारा.'

आता काकूंना आज पाणी द्यायचं तर आजची पाळी कोणाची? यादी उघडली. सगळ्यात वर सुभेदार! खाली त्यांचाच मेसेज, 'अध्यक्ष बोलतोय. आपलं आदी घ्या.'

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "रीत हाय म्हणून टाकला हुता," ते पुटपुटले, आणि फोन काढून पाळी काकूंना द्यायला होकार पाठवला.

पण एजंट आता नियमाचा पक्का. त्याने काकूंचाही होकार मागितला. आम्ही फोन लावला तर काकू म्हणतात, "कशाला? माजा नंबर यील की!"

शेवटी सुभेदार परेडच्या आवाजात ओरडले, "काकू, व्हय म्हणा!"

"व्हय बाबा, व्हय!"

तेवढंच त्यांनी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं आणि चार वाजता काकूंच्या रानात पाणी शिरलं. दोन वाफे आधीच वाळून गेले होते, बाकीचं आलं तगलं. त्या दोन वाफ्यांचा विषय काढला की काकू म्हणतात, "जाऊ दे गं, चालायचंच." त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता टूलचं वर्णन लिहिताना 'कधी वापरायचं' हे मी एका ओळीत उरकते आणि 'कधी वापरायचं नाही' याला चार ओळी देते. आणि लिहायला बसण्याआधी क्लायंटला एकच प्रश्न विचारते, तुमच्यात गप्प बसणारं कोण आहे?