सोळा किलोंचा सत्कार

ताईचं वजन हा आमच्या घरचा सार्वजनिक विषय होता. कोणीही यावं अन् बोलून जावं. मामा आले की चहाच्या आधी विचारायचे, "कोणत्या चक्कीचं पीठ खाते वो हे पोरगी?" सगळे हसायचे, ताई पण हसायची, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, काडीपैलवान, आणि जीभ तेव्हापासूनच अशी. वडील शाळामास्तर होते, दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावायचे, पण माझ्या तोंडाला त्यांनी कधी आवर घातला नाही.

पुढे ताई अकोल्याला शाळेत शिक्षिका झाली, लग्न होऊन तिथलीच झाली. मी आहारशास्त्र शिकले आणि अमरावतीत क्लिनिक टाकलं. माझा नेम ठरलेला होता. पेशंट आत आलं की चप्पल काढायची, काट्यावर उभं राहायचं, आकडा मी मोठ्याने वाचायचा, मग खुर्ची. तुम्हाला होतंय काय, हे त्यानंतर. त्या वेळी मला ती शिस्त वाटायची आणि तिचा गर्व पण होता.

तीन वर्षांपूर्वी ताईला दम लागायला लागला. तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. अर्ध्या जिन्यात थांबावं लागे, दुपारपर्यंत पाय गळून जात. अकोल्यात एका डॉक्टरकडे गेली, तर त्याने खुर्चीतून न उठता सांगितलं, वजन उतरवा, सगळं जागेवर येईल. मग रविवारी ती माझ्याकडे अमरावतीला आली. मी तिला काट्यावर उभं केलं. आकडा पाहिला आणि सुरू झाले. पन्नाशी आली, आता तरी तोंडाला कुलूप घाल, तुझ्यामुळे लोक मला हसतात की हिची बहीणच बघा. खरंच असं म्हणाले मी. ताईने चप्पल घातली आणि म्हणाली, दे बापा तुझा चार्ट.

त्याच आठवड्यात वरूडकडची एक बाई आली होती. घरचा संत्र्याचा बगीचा, दिवसभर उन्हातानात, अंगाने सडपातळ. तिची तक्रार पण हीच, दम लागते, पाय गळतात. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफट्ट, म्हणजे अंगात रक्त कमी. लगेच रक्त तपासायला पाठवलं, इलाज सुरू झाला, दोन-तीन महिन्यांत बाई टुणटुणीत. तक्रार एकच, आठवडा एकच. परक्या बाईची मी पापणी पाहिली आणि सख्ख्या बहिणीचा आकडा. हे आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

ताई आज्ञाधारक. दर रविवारी काट्याचा फोटो पाठवायची. पहिले काही महिने काटा हललाच नाही, तेव्हा मी तिला फोनवर सरळ म्हटलं की तू चोरून खातेस. पुढच्या रविवारीही तिने फोटो पाठवला. मग अचानक वजन उतरायला लागलं, आणि असं झपाट्याने की मीच चकित. सहा महिन्यांत सोळा किलो. मी ते फोटो पेशंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, नातेवाइकांना पाठवले, मामांना तर दोनदा पाठवले.

आमच्याकडे सत्काराला निमित्त लागत नाही. कोणी रिटायर झालं, कोणाचा पोरगा पास झाला, कोणी तीर्थाला जाऊन आलं, की आणा शाल, आणा नारळ. तर मी ताईचा सत्कार ठेवला. एक लहानसा हॉल घेतला, पेशंट बोलावले, मागे बॅनर लावला. त्यावर तिचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. स्वतःच्या हाताने तिच्या खांद्यावर शाल घातली. मग माइक तिच्या हातात दिला की सांग आता सगळ्यांना, कसं जमवलं.

ताई टेबलाला धरून उभी होती. म्हणाली, "मी काईच केलं नाही. मले भूकच नाही लागत आताशा. दोन घास खाल्ले का पोट भरून जाते."

हॉलभर टाळ्या. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, आमाले पण द्या वो हे औषध, आणि पुन्हा हशा. मी माइक घेतला आणि म्हणाले, याला म्हणतात जिद्द. भूक मेली, दोन घासांत पोट भरतं, वजन भराभर उतरतं. आहारशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरीनेही कान टवकारले असते. मी टाळ्या वाजवत होते. तिचा तो टेबलाला धरलेला हात मला दिसला होता. वाटलं, एवढ्या लोकांसमोर घाबरली असेल.

दोन महिन्यांनी शाळेतच तिच्या पोटात कळ उठली. भाऊजींनी अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. अंगात रक्त इतकं कमी होतं की आधी बाटल्या चढवाव्या लागल्या, मग ऑपरेशन. सर्जन तरुण मुलगी होती. तिने विचारलं, इतकं वजन उतरलं, कोणी तपासलं नाही का? भाऊजींनी मान खाली घातली. मी म्हणाले, मी तपासलं. पुढे मीच विचारलं, दम लागला तेव्हाच रक्त पाहिलं असतं तर? ती म्हणाली, नक्की सांगता येत नाही, पण लवकर कळायची शक्यता होती. ती चांगल्या घरची होती, याहून जास्त बोलली नाही.

ऑपरेशननंतर मामी भेटायला आल्या. पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, काही म्हणा, बारीक झाली तर दिसते छान. मी त्यांना वॉर्डाबाहेर नेऊन इतकं बोलले की आता ते घर आमच्याकडे येत नाही. पण नंतर एकटीच जिन्यात बसले तेव्हा कळलं, मामी एकदा म्हणाल्या. मी तर हॉल घेऊन म्हणाले होते.

आता काटा मी आतल्या खोलीत ठेवलाय. आधी खुर्ची, मग झोप, भूक, दुखणं, पाळी, घरात खायला काय असतं आणि शिजवायला वेळ कोणाला असतो, हे सगळं. अंगाने कशीही असो, तपासणी तीच, पापणी आधी. वजन करायचंच असलं तर कशासाठी ते सांगून, विचारून. आणि कोणी खुशीत सांगितलं की वजन उतरलं, तर मी शाबास म्हणत नाही. विचारते, तुम्ही उतरवलं का आपोआप उतरलं? याने माझे निम्मे पेशंट गेले. एका बाईने तोंडावर सांगितलं, वजनच करत नाही तर तुमच्याकडे यायचं काहून? मला राग आला, आणि तिच्या जागी आपण पण हेच म्हटलं असतं हेही कळलं. इतकी वर्षं मीच तर त्यांना आकड्याची चटक लावली.

ताईची औषधं चालू आहेत. केमोचे अजून चार डोस बाकी. पुढचं डॉक्टर बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. गेल्या महिन्यात मी चार दिवस अकोल्याला जाऊन राहिले. एका दुपारी भाऊजी औषधं आणायला गेले होते आणि मी तिच्या पायांना तेल लावत बसले होते. हाडं हाताला लागत होती. वर्षभर विचारायचं राहिलेलं तेव्हा विचारलं. शौचातून रक्त जात असणार, कधीपासून जात होतं?

तिने सहज सांगितलं. सत्काराच्या दोन महिने आधीपासून. पोट पण दुखायचं.

"मंग बोलली काहून नाही मले?"

"आधी बोललीच होती ना, दम लागते म्हणून. तू वजनाचंच बोलली."

मी तेल लावत राहिले. वाटलं, संपलं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "अन् तवा वजन उतरून राहिलं होतं. तू सगळ्याईले माझे फोटो दाखवत होती. उभ्या जन्मात पहिल्यांदा तू माझ्यावर खुश होती. मले ते मोडावं नाही वाटलं."

रागाने नाही म्हणाली. राग असता तर मी भांडले तरी असते. पन्नाशीची बाई, तीस वर्षं शाळेत पोरं शिकवलेली. अंगातून रक्त जात होतं, आणि ती धाकट्या बहिणीची शाबासकी सांभाळत बसली होती.