टेकू का जी?

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. मशीन डिझाइनमध्ये पंधरा वर्षं काढली... लिव्हर, स्प्रिंग आणि वजन, यापलीकडे कशावर विश्वास ठेवायची वेळच आली नव्हती. हसायचं तर खुशाल हसा, पण पूर्ण वाचून हसा.

मी मूळचा दिग्रसचा, नोकरीला बंगळुरूत. बाबा दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. सहा फूट उंच, आणि आयुष्यभर उभं राहून गुडघे कामातून गेलेले. बसच्या पुशबॅक सीटवर बसले की आधी मागे वळून विचारायचे, "टेकू का जी?" मागचा 'टेका' म्हणाला तरच सीट मागे घ्यायचे. आणि पुढचा कुणी संकोचून ताठ बसला असेल, तर स्वतःच त्याची सीट मागे ओढायचे — "टेका जी, टेका! माह्या पायाचं नका पाहू." लहानपणी मला याची भयंकर लाज वाटायची.

दीड वर्षापूर्वी त्यांना पहिल्यांदा विमानाने बंगळुरूला नेलं. चेक-इनला उशीर झाला, त्यामुळे जागा एकामागे एक मिळाल्या — मी पुढे, ते माझ्या मागे. विमान वर गेलं, मी बटण दाबून सीट मागे घेतली आणि झोपलो. विचारलं नाही. मागे आपलाच बाप, त्याला काय विचारायचं!

उतरताना बाबांना उठताच येईना. सगळा वेळ माझ्या सीटची पाठ त्यांच्या गुडघ्यांवर रुतली होती. व्हीलचेअर मागवावी लागली. आणि मी काय केलं? चारचौघांत त्यांच्यावरच ओरडलो, "सांगायचं नाही का, बाबा?"

"तू झोपून राह्यला होता," ते म्हणाले. "कायले उठवू तुले?"

चार-पाच महिन्यांत हार्ट अटॅकने बाबा गेले. माफी मागायची राहूनच गेली. आज मागू, उद्या मागू, एवढंच चाललं होतं. तेव्हापासून विमानात मी सीट कधी मागे घेतली नाही.

मागच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध उरकून परत निघालो. नागपूरहून दुपारचं विमान. चार दिवस धड झोप नव्हती. शेजारी पुसदच्या एक काकू, लेकीकडे निघालेल्या. मागे कोण आहे ते बघायची मला आता सवयच लागली आहे. दार बंद झाल्यावर पाहिलं तर मागची रांग रिकामी होती. तरी मी ताठच बसलो. डोळे मिटले... आणि सीट हळूच मागे गेली. बटणावर हात पडला असेल, असं गुंगीत वाटलं. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा इतका गाढ झोपलो.

जाग आली ती एअर होस्टेसच्या आवाजाने. "सर, सीट सीधी कर लीजिए." मी बटण शोधू लागलो... बटणच नव्हतं. तीही गोंधळली. "सर, पीछे इमर्जन्सी एक्झिट है. ये सीट तो पीछे जाती ही नहीं." तिने ढकलल्यावर सीट सरळ झाली. मग मी सगळा जोर लावून मागे रेटून पाहिली — जागची हलली नाही.

"काहून घाबरून राह्यले जी?" काकू म्हणाल्या. "तुमच्या मांगं ते उंच बुढे बसले होते नं, त्याइनंच ओढली. 'टेक बाबू, टेक' म्हने. मले वाटलं, तुमच्या घरचेच आहेत."

मी वळून पाहिलं. मागच्या तिन्ही सीट रिकाम्या, बेल्ट घडी घातल्यासारखे.

माझ्यासारख्या माणसाने शंभर प्रश्न विचारायला हवे होते. तोंडून एकच निघाला, "काकू, त्यांचे पाय... अडकले होते का हो?"

"नाही जी! तिथं जागा केवढी हाये! चांगले लांब करून बसले होते."

मी तिथंच रडलो. काकू बिचाऱ्या पाण्याची बाटली पुढे करत राहिल्या.

सीटमध्ये बिघाड असेल, काकूंना डुलकी लागली असेल... सगळं मांडून पाहिलं. पण बाबा मला 'बाबू' म्हणायचे, हे त्यांना कुणी सांगितलं? आता विमानात बसलो की मागे वळून विचारतो, "टेकू का जी?" लोक विचित्र नजरेने बघतात. मागची सीट रिकामी असली, तर उत्तरासाठी जरा जास्त वेळ थांबतो.