शनवार तेल्यांची निळी बाटली

रोह्याची लीया चेऊलकर त्रेचाळिशीला आली तरी इस्राएलला जायच्या बेतातच होती. आळीतली बाकीची बेने इस्राएल ज्यूंची घरं कधीच तिकडे गेली. धाकटा भाऊ सायमन तिकडच्या अश्दोदहून सारखं बोलावत होता, आणि वडील, आयझॅकबाबा, दर वेळी एकच सबब काढत होते: निळी बाटली.

शुक्रवारी सांजेला मनुकांचं सरबत त्याच बाटलीतून प्याल्यात ओतून त्यावर आशीर्वाद म्हणायचा, ही घराची तीन पिढ्यांची रीत. "इमानात फुटली तर? माज्या आज्याची हाय. तिला टाकून मी यायचा नाय." म्हाताऱ्याला एकटं सोडून निघण्याचं काळीज लीयाकडे नव्हतं. 'सायमन बोलावतोय' एवढंच ती म्हणे. मला जायचंय, हे काही तोंडातून निघत नसे. ओस आळीत तिचा जीव गुदमरायचा.

शेवटी त्र्याण्णव साली तिनं बाटली दाखवायला पेणच्या हैबतरावांना घरी बोलावलं. हा गृहस्थ जुन्या बाटल्यांपायी इतका वेडा, की बायको माहेरी गेलेली याला चार दिवसांनी कळावं. त्यांनी बाटली उजेडात धरली, तोंडाखाली थांबणारी, जुनेपणाची खूण असलेली साच्याच्या सांध्याची रेघ पाहिली, उभ्या कंगोऱ्यांवरून बोट फिरवलं.

"हे कंगोरे कशाला, ठाऊक आहे?"

"व्हय तर!" आयझॅकबाबा ऐटीत म्हणाले. "आम्ही शनवार तेली, शनवारी घाणा बंद ठेवनारे. घाण्यावरच्या तेलकट हातातून निसटू नये म्हणून."

"विषाची बाटली आहे ही, काका. विलायती. अंधारातही हाताला कळावं म्हणून असे कंगोरे पाडत. एवढी मोठी मी पहिल्यांदाच बघतोय." मग त्यांनी किंमत सांगितली, आणि लीयानं ती पुन्हा एकदा विचारून घेतली.

बाबांचा चेहरा मात्र उतरला. तीन पिढ्यांचे आशीर्वाद, आणि विषाच्या बाटलीतून! "घेऊन जा ती," ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता."

लीयाला नाचावंसं वाटलं. सबबच संपली! हैबतरावांची पाठ वळताच तिनं माळ्यावरची ट्रंक काढून उन्हात घातली.

त्याच आठवड्यात बाबा बाजारातून घामाघूम होऊन परतले. मागे टेम्पो, त्यात नवी कोरी कौलं.

"बाबा, हे काय?"

"बाटलीचे पैसे आले ना गो! समदं छप्पर नवं घालतो. माज्यापायी गळक्या घरात दिवस काढलेस तू. माजा जीव तुटायचा, पन बोलायचो नाय." त्यांचे डोळे भरून आले. "घर तुज्याच नावावर करतो. आता मी मेलो तरी तुला हितून कुनी हलवायचा नाय."

लीयाला त्यांच्यावर रागावताही येईना. तिनं पदर खोचला आणि टेम्पोतली कौलं उतरवायला घेतली.