भुशातला प्लाय

लाकडाचा भुसा मुठीत घेऊन नाकाशी नेला की लाकूड कुठलं ते मला कळतं. हे कुणी शिकवलं नाही. लालबागहून रोज रे रोडच्या वखारींत जाऊन, तिथला भुसा गोणीत भरून विकता विकता आलं. भाव करताना माझा आवाज चढतो हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या गोणीत वर एक माल आणि खाली दुसरा, असं कधी निघालं नाही.

परळला जुन्या गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली, तिथल्या एका प्रयोगशाळेने माझा भुसा घ्यायला सुरुवात केली. भुशापासून इंधन करायचं होतं त्यांना. तिथल्या तरुण साहेबांनी एकदा दाखवलंही. भुसा आधी रसायनात उकळून सैल करायचा, मग त्यात एन्झाइम सोडायचं. ते लाकडाचा तंतू तोडून साखर मोकळी करतं, आणि साखर आंबवली की इंधन. एन्झाइम महाग, एकदा वापरून फेकणं परवडत नाही. म्हणून ते डोळ्यांना न दिसणाऱ्या लोहचुंबकी कणांवर बसवलेलं. काम झालं की बाटलीला बाहेरून लोहचुंबक लावायचा. काळा गाळ एका बाजूला गोळा होतो, पाणी ओतून घ्यायचं, गाळ पुन्हा कामाला. मला ते पटलं. मजुराला घरी न सोडता दुसऱ्या पाळीला जुंपणारा माणूस मी लगेच ओळखते.

मग एकदा त्यांची साखर निघेना. साहेबांचा फोन आला.

"काकी, तुमच्या भुशात प्लायवूड आहे. त्यातल्या गोंदाने आमचं एन्झाइम गेलं."

"माझ्या गोणीत? शक्य नाही."

"तपासलंय आम्ही."

मला बोलून थांबले असते तर भांडून मोकळी झाले असते. पण दुसरा माल शोधायला त्यांनी रे रोडला माणूस पाठवला, आणि त्याने प्रत्येक वखारीत माझं नाव घेऊन कारण सांगितलं. सकाळी मी गेले, तर म्हातारा वखारवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गो, आता प्लाय कुटून इकतंस म्हणे?" लोक हसले. ज्या गिऱ्हाइकाने कधी माझी गोणी उघडून बघितली नव्हती, त्याने त्या दिवशी तळापर्यंत हात घातला.

तशीच परळला गेले.

"गोणी कुठाय?"

"काकी, रिपोर्ट आहे ना."

"काकी घरी. आमच्याकडे मालावरून वांधा झाला की दोघांसमोर गोणी उलटी करतात. वरच्या मुठीवरून कुणी माल ठरवत नाही."

"इथे? लादीवर?"

"मग काय ताटात वाढू?"

गोणी उलटी केली. आधी पडला तो वरचा थर, फिका आणि पिठासारखा, त्यात सनमायकाचे तुकडे. त्यावर माझा तपकिरी भुसा पडला, तळापर्यंत चोख. शेजारच्या खोलीत फर्निचरचं काम चालू होतं. आवाज ऐकून सुतार दारात आला.

"अरे, वो तो हमने डाला. झाडू मारा, इधर भुसे की बोरी खुली थी, उसी में डाल दिया."

साहेब हसले. माफी मागितली असती तर मी कदाचित विरघळले असते. ते हसले.

"चला, गैरसमज मिटला. सोमवारपासून माल पाठवा."

"मिटला तुमचा. रे रोडला या आणि सांगा."

"मी सगळ्यांना मेल करतो ना."

"वखारीत मेल कोण वाचतं? नाव घ्यायला माणूस पाठवलात, नाव धुवायला स्वतः या."

"इतकं काय त्यात? भाव वाढवून देतो."

भावासाठी मी आयुष्यभर भांडले. तो समोरून चालून आला आणि मी नको म्हणाले. लादीवरचा माझा भुसा गोणीत भरला, त्यांचा प्लाय तिथेच ठेवला.

नुकसान माझंही झालं. एवढं मोठं, बारमाही गिऱ्हाईक मला दुसरं मिळालेलं नाही, आणि काही जण अजून गोणीच्या तळाला हात घालतात. घालू देत. मधूनमधून साहेबांचा फोन येतो, दुसऱ्यांच्या भुशात माती फार येते म्हणे.

"रे रोडला कधी येताय?" मी विचारते.

"सध्या जरा कामात आहे, काकी."

"मग भुसाही कामात आहे," म्हणते आणि फोन ठेवते.