दुसऱ्या हाकेची आजी

आमच्या आजीला पहिली हाक ऐकू येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. गॅसवाल्यानं जिन्यातून "बकुळाबाई" अशी आरोळी दिली, तरी आजी भाजी निवडत तशीच बसायची. तो दुसऱ्यांदा ओरडला की दचकून मान वर करायची आणि "आले, आले" म्हणत उठायची. आजोबा होते तेव्हाही हेच. भोसरीच्या खोलीत ते "बकुळे" म्हणून हाक मारायचे, उत्तर यायचं नाही, मग त्यांचा आवाज चढायचा. एकदा मी वैतागून तिला पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, यांचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत. मग सोंग कशाला करतेस, म्हणून मी बसमध्ये तिच्याशी भांडले. ती नुसती हसली आणि मला खिडकीजवळची जागा दिली.

मी विजयश्री, तिची थोरली नात. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते, आणि ती खोड घरी आल्यावरही जात नाही असं माझा भाऊ धनेश म्हणतो. त्याचं काय ऐकायचं, त्याचे मोजे अजून आजी शोधून देते.

आजी कळंबकडची. आजोबा, म्हणजे रंगराव, भोसरीत फाउंड्रीत लागले आणि त्यांच्यामागून ती लहानग्या पप्पांना घेऊन आली. कंपन्यांमधून रबरी रिंगा पोत्यांनी घरी यायच्या. त्यांच्या कडेला राहिलेलं जास्तीचं रबर ब्लेडनं कापून द्यायचं. आजीनं दारात बसून अशा रिंगा कापल्या त्या किती, हे तिच्या बोटांकडं बघूनच समजायचं. त्यावर पप्पांचं शिक्षण झालं. पुढं आमची आई लवकर गेली, तेव्हा आम्हा दोघा भावंडांनाही तिनंच वाढवलं. पिंपळे गुरवला फ्लॅट घेतला तरी तिचा हात रिकामा राहिला नाही.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक असायचा. नखाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती, झिजून गुळगुळीत झालेली. कुणी नवं लुगडं आणलं की ते आधी त्या टाकाला लावायचं आणि मगच नेसायचं. गोडधोड केलं की पहिला कण त्याला टेकवायचा. गावाकडची कुठली तरी देवी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी नर्स काढा म्हणाली, तर आजी टेबलावरून उठून निघाली होती.

तर धनेशला मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचं ते आत्यानं, म्हणजे मी. हा माझा मान, आणि मानाच्या बाबतीत मी कुणाला सोडत नाही. पण धनेशच्या बायकोनं, दिव्यानं, पोटात पोर असल्यापासून मोबाईलमध्ये नावं जमवायला सुरुवात केली होती. तिला नाव हवं होतं जुनं आणि झाडाफुलांचं. आमच्या सोसायटीच्या गेटवर उभं राहून "विहान" म्हटलं की चार पोरं वळतात, तसलं काही नको, असं तिचं म्हणणं. ते मला पटत होतं, पण पटतंय असं लगेच सांगितलं तर आत्या कसली. ती मोगरा म्हणाली, मी म्हटलं अगरबत्तीचं पुडकं आहे का. ती तुळसा म्हणाली, मी म्हटलं पोरगी मोठी होऊन तुझ्याशी बोलणार नाही. धनेशनं जमिनीकडं बघत चहा पिण्याचं काम केलं.

मग एका सकाळी गॅसवाला आला, खालून ओरडला, आणि दिव्या एकदम माझ्याकडं वळली. घरातच नाव आहे की, म्हणाली. बकुळा. जुनं, फुलाचं, आणि आजींचं. त्यात मला खोट सापडेना. पप्पा मात्र नको म्हणाले. जित्या माणसाचं नाव लेकराला ठेवत नाहीत, त्या माणसाचं आयुष्य तुटतं, असं ते ऐकत आले होते. दिव्यानं शांतपणे विचारलं, माणूस गेल्यावर नाव ठेवून त्या माणसाला काय कळणार. मी पहिल्यांदाच तिच्या बाजूनं मत दिलं. आजीला आधी सांगायचं नाही, बारशाच्या दिवशीच कळू द्यायचं, असं ठरलं. एवढी मोठी चूक माझ्या तपासणीतून निसटली.

बारशाच्या दिवशी सकाळी आजी घुगऱ्यांचे हरभरे उपसत होती. धनेश फ्लेक्स घेऊन आला आणि त्यानं तो बैठकीत उलगडला. पांढऱ्या फुलांच्या चौकटीत मोठ्या अक्षरात बाळाचं नाव. आजीला वाचता येत नाही, म्हणून दिव्यानं बाळाला खांद्यावर घेऊन तिला वाचून दाखवलं, "बकुळा". आणि हसत तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

आजी उठली. फ्लेक्सचं टोक धनेशच्या हातातून घेतलं. त्याची एक घडी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली, आणि ती घडी खाली ठेवून तिच्यावर बसली. या बाईनं जन्मात कुणाच्या हातातून काही ओढून घेतलं नव्हतं.

"ह्ये नाव लेकराला ठिवायचं न्हाई," ती म्हणाली.

मी सांगत होतो, असं पप्पा पुटपुटले. संध्याकाळी सगळे पाहुणे येणार, आता काय करायचं, असं धनेश सुरू झाला. दिव्याचा चेहरा उतरला. तुमचंच नाव आहे म्हणून हौसेनं ठेवत होतो, तुम्हाला नको असेल तर राहू दे, असं ती कसंबसं बोलली.

"माजं न्हाई ते," आजी म्हणाली.

वय झालं, विसरली असेल, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात तिनं दोन्ही हात मानेमागं नेले आणि काळा दोरा सोडला. ऑपरेशनच्या टेबलावर जो निघाला नव्हता, तो टाक तिनं माझ्या तळहातावर ठेवला. अजून कोमट होता.

"ही बकुळा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, हरभऱ्यांवरची फोलं काढता काढता सांगितलं. आजोबांचं आधी एक लग्न झालं होतं. ती बकुळा. पहिल्याच बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. वर्षाच्या आत आजीला या घरात दिली. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी त्यात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहिलं. आजीला अक्षर येत नव्हतं. बायका ओळीनं नाव घेऊन हाका मारायला लागल्या तेव्हा तिला कळलं की आपण आजपासून बकुळा. सासूनं तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला आणि समजावलं, की गेलेलीचं नाव घरात फिरत राहिलं म्हणजे ती कोपणार नाही. सासू वाईट नव्हती, भ्यालेली होती, असंही आजी म्हणाली. आपल्याला दिलेलं नाव कुणाचं, हे लेकराला कशाला सांगायचं, म्हणून पप्पांना कधी सांगितलं नाही.

ज्या टाकाला मी लहानपणी देवी म्हणून हात जोडले, ती एक पोरसवदा बाळंतीण होती. आणि आधारकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, आमच्या सगळ्यांच्या तोंडी जी आजी होती, ती तिचं नाव वाहत होती. पप्पा खुर्चीच्या हातावर टेकले होते, नीट बसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"पयली हाक तिची आसती," आजी म्हणाली. "ती न्हाई उठली, की मंग मी उठते."

माझ्या डोळ्यांसमोर बसमधली खिडकी आली आणि मला माझीच लाज वाटली. आजीनं पुढं होऊन दिव्याच्या खांद्यावरच्या बाळाचं पाऊल धरलं.

"मेलेलीचं नाव मी पेललं," ती म्हणाली. "ह्या लेकरानं कशाला पेलावं? तिला तिचं तिचं काय तरी द्या."

पप्पा खुर्चीच्या हातावरून उठले. पासष्टीला आलेला माणूस, आईला काय विचारावं हे त्याला आता कळत होतं.

"माय, मग तुजं नाव काय?"

आजीचे ओठ नुसते हलले. ते नाव तिनं स्वतःही इतक्या वर्षांत उच्चारलं नसणार. कपाटात खोल ठेवलेली वस्तू चाचपून काढावी तशी ती थांबली.

"गोकर्णा," ती म्हणाली. घराच्या कुडावर त्या निळ्या फुलांचा वेल होता, ती जन्मली तेव्हा तो भरून फुलला होता, म्हणून तिच्या आईनं ठेवलेलं.

दिव्याच्या मोबाईलमधल्या त्या सगळ्या नावांत हे नाव नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं, मीही मान हलवली. आम्हा दोघींचं एका नावावर इतक्या लवकर एकमत झालं याचाच धनेशला धक्का बसला असेल. पप्पांनी मात्र हळूच तीच शंका काढली, की हेही जित्या माणसाचंच नाव झालं.

"ती कवाच गेली," आजी म्हणाली. "तांदळातच गेली. ठिवा खुशाल." आणि टाक परत गळ्यात बांधून हरभरे शिजवायला उठली. झालं त्यात बकुळेचं बिचारीचं काय चुकलं, असं म्हणाली.

संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये फुगे लागले, फ्लेक्सच्या जागी नुसती भिंत होती. धनेशला बाहेर जाऊन दुसरा छापून आणायला वेळ मिळाला नाही, आणि पाहुण्यांना त्यानं प्रिंटरची चूक सांगितली. बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून बाळ फिरवलं, गाणी म्हटली. आजी मागच्या रांगेत, दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर घुगऱ्यांचं पातेलं घेऊन. तिच्या आजूबाजूला पोरांचा गोंगाट चालला होता.

मी वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं. आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत, त्यामुळं माझ्यामागं सगळ्या हात उगारून तयार होत्या. मी ताठ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, "गोकर्णा."

"ओ," मागून आवाज आला.

उगारलेले हात तसेच राहिले. पप्पांनी वळून बघितलं, मीही बघितलं. पातेलं खुर्चीवर ठेवून आजी उठून उभी राहिली होती आणि आपल्याला कुणी बोलावलं म्हणून हॉलभर बघत होती. मी एकदाच हाक मारली होती.