टकलेसाहेब, मिशीसाहेब आणि हमीदभाईंचा गळा

पूर्णगडच्या बंदरावर गंगारामचं चहाचं हॉटेल आहे. त्या हॉटेलात फुटबॉलवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी बांधाच्या हद्दीवरून कोर्टातसुद्धा झाली नसतील. आता पूर्णगडाचा आणि फुटबॉलचा संबंध काय म्हणाल, तर काही नाही. पण वर्ल्ड कप येतो जूनमध्ये. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या असतात, मासेमारी बंद असते, आणि रिकामा माणूस टीव्ही नाही बघणार तर काय करणार?

अठ्ठ्याण्णव साली गंगारामनं केबल घेतली आणि रंगीत टीव्ही फळीवर चढवला. त्याच साली हमीदभाई तांडेल जहाजावरची नोकरी सोडून कायमचे घरी आले.

बावीस वर्षं ते मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. गावाला वाटायचं, एवढी वर्षं गोऱ्या साहेबांना जेवू घातलं म्हणजे यांचं इंग्रजी फाडफाड असणार. खोटं कशाला बोला, हमीदभाईंचं इंग्रजी भांड्यांपुरतं होतं. राईस, मोर राईस, नो सॉल्ट, येस सर. त्यापुढं गोरा माणूस चार वाक्यं सलग बोलला की हे मान डोलवायचे आणि सूप वाढायचे. पण फुटबॉल? फुटबॉल मात्र त्यांना असा कळायचा की बस! जहाज कुठल्याही बंदराला लागलं की बाकीचे खलाशी बाजार शोधायचे, हमीदभाई मैदान शोधायचे. उन्हात तासन् तास उभे राहून पोरांचा खेळ बघायचे, कधी पँट दुमडून आत शिरायचे. एवढं साचलेलं सांगायला माणूस मात्र मिळाला नव्हता. बायकोला, सईदाला, ते एकदा समजवायला बसले होते. ती म्हणाली, “एका चेंडूला बावीस जण? प्रत्येकाला एक का देत नाहीत?” तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला.

तर अठ्ठ्याण्णवच्या पहिल्याच सामन्याला हाफ टाइम झाला आणि टीव्हीवर दोन साहेब येऊन बसले. एक टकले, अंगानं भरलेले, हात नाचवत बोलणारे. दुसरे मिशीवाले, सुकट चेहऱ्याचे, सगळ्याला नाक मुरडणारे. खेळ कसा झाला यावर दोघं इंग्रजीत बोलू लागले. नावं खाली इंग्रजीत यायची आणि वाचेपर्यंत जायची, म्हणून ते टकलेसाहेब आणि मिशीसाहेबच राहिले.

गंगाराम किटली हातात घेऊन वळला. “हमीद, काय म्हणतोय रे तो टकल्या?”

पंधरा डोकी हमीदभाईंकडं वळली. ‘मला नाय कळत बाबा’ म्हणायला किती वेळ लागतो? पण बावीस वर्षांत पंधरा माणसं एकदम त्यांच्या तोंडाकडं कधी बघत बसली नव्हती. हमीदभाईंनी मांडीवर थाप मारली, टीव्हीकडं बघून “बरोबर!” म्हणाले, म्हणजे विचार करायला तेवढीच उसंत, आणि मग स्वतःला जे वाटत होतं ते सांगून टाकलं.

“साहेब म्हणतायत, सगळे बॉलकडं बघत खेळतायत. जाळं टाकणारा पाण्याकडं बघत बसत नाही, मासा कुठं वळणार ते बघतो.”

“आयला! गोऱ्याला जाळं कळतं!” सखाराम ओरडला. सखाराम म्हणजे एस्टीतला कंडक्टर. त्या दिवसापासून टकलेसाहेब मूळचे खाडीकाठचे असणार, यावर तो शपथ घ्यायला तयार होता.

मग मिशीसाहेब बोलले. आता त्यांच्या तोंडी तेच कसं घालणार? हमीदभाईंच्या मनात ज्या शंका होत्या त्या त्यांनी मिशीसाहेबांना दिल्या. “बरोबर! हे म्हणतायत, जाळ्याचं कौतुक पुरे. भात शिजायच्या आधी झाकण काढलंत तर खाणार काय? या पोरांना दम नाही.”

हे गंगारामला पटलं. चहा उकळू न देता मागणाऱ्या गिऱ्हाइकांनी त्याचा जन्म खाल्ला होता.

झालं, गावात दोन तट पडले, टकलेवाले आणि मिशीवाले. सखाराम म्हणायचा टकलेसाहेबांसारखा जाणकार नाही, गंगाराम म्हणायचा तो नुसता हातवारे करतो, खरा खेळ मिशीला कळतो. एकदा तर सखारामनं आठ दिवस या हॉटेलात चहा घेतला नाही, घरून थर्मास आणून समोर बसायचा! हमीदभाई मधल्या बाकावर बसून दोन्हीकडची भांडणं ऐकायचे आणि मनातून सुखावायचे. त्यांच्या एकट्याच्या डोक्यातला वाद अख्खं बंदर भांडत होतं. ऑफसाईड कुणाला समजेना, तेव्हा त्यांनी टकलेसाहेबांच्या नावावर ‘गडग्यापल्याड’ हा शब्द खपवला. गडगा म्हणजे आपली बागेभोवतीची दगडी भिंत. आजही किनाऱ्यावर खेळणारी पोरं ‘गडग्यापल्याड, गडग्यापल्याड!’ असंच ओरडतात.

दोन हजार दोनला दुसरा वर्ल्ड कप आला. तेच दोन साहेब आणि तेच बाक. हमीदभाईंची धाकटी मुलगी इफ्फत तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात नुकतीच जाऊ लागली होती, आणि इंग्रजी तिचा आवडता विषय. एका दुपारी घरी पाहुणे आले म्हणून ती अब्बांना बोलवायला हॉटेलाच्या दाराशी आली. टीव्हीवर टकलेसाहेब सांगत होते की ब्रेकनंतर भेटू, कुठं जाऊ नका, आणि आजच्या प्रश्नाचं उत्तर पाठवायला विसरू नका.

आत अब्बांनी मांडीवर थाप मारली. “बरोबर! साहेब म्हणतायत, बचाव करणारा चांगला असला की त्याचं नाव कुणाला आठवत नाही. गोल झाला तरच लोक विचारतात, तिथं उभा कोण होता?”

माणसं हळहळली. इफ्फत तोंडावर ओढणी धरून रस्त्यावर आली आणि पोट धरधरून हसली. घरी जाताना वाटेत अब्बांना म्हणाली, “अब्बा, तो तर जाहिरातीचं सांगत होता!”

हमीदभाई जागच्या जागी थांबले. चेहरा असा पडला की तिचं हसू विरलं. त्यांनी तिचा हात धरला, तिचं बोट आपल्या गळ्याला लावलं आणि म्हणाले, “म्हण, अब्बांच्या गळ्याची शपथ, कुणाला सांगणार नाही. लोकांना कळलं तर मला बंदरावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पोरी.”

तिनं शपथ घेतली. मौलवींना विचाराल तर ते असल्या शपथांवर रागावतील, पण आमच्याकडे गळ्याची शपथ म्हणजे गळ्याची शपथ. ज्यानं घातली त्यानंच ती सोडवायची. गळ्याची कातडी चिमटीत धरायची, सोडायची आणि तोंडानं ‘सुटली’ म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय सुटत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पुढं दोन हजार पाचच्या जानेवारीत, सकाळी दाढी करता करता हमीदभाईंच्या हातातला वस्तरा पडला. रत्नागिरीच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले, आणि वाचा गेली. सगळी गेली असती तर एक वेळ बरं झालं असतं. एक शब्द राहिला, ‘बरोबर’. पाणी हवं तरी बरोबर, पाणी नको तरी बरोबर. संताप आला तरी ओरडून बरोबर! डॉक्टर म्हणाले, असं होतं, डोकं ठीक आहे, सगळं कळतंय, पण जीभ तोच शब्द धरून बसलीय. डाव्या हातानं लिहायचा प्रयत्न केला, तर कागदावर खेकडा चालून गेल्यासारखं उमटलं. इफ्फतनं तो कागद घडी करून कुराणाच्या फडताळाशेजारी ठेवला, आणि ती रडली. तेव्हापासून ती घरात कामापुरतंच बोलायची. हमीदभाईंना वाटलं, बापाच्या दुखण्यानं पोर खचली असेल.

आला दोन हजार सहाचा वर्ल्ड कप. इफ्फत अब्बांना धरून रोज हॉटेलात आणून सोडायची. टीव्हीवर नवीन माणसं होती. केसाला जेल लावलेला एक पोरगा, चकाचक कपड्यांतली एक बाई, आणि निम्मं बोलणं हिंदीत. त्यामुळं सगळ्यांना सगळं कळत होतं आणि कुणालाच काही आवडत नव्हतं.

“ह्यांना काय कळतंय? किती गोल झाले, कुणी मारले, हेच सांगतात. ते आम्हाला दिसत नाय?” सखाराम म्हणाला. “टकलेसाहेब असते तर!”

“मिशीसाहेब असते तर म्हण,” गंगाराम म्हणाला.

पुन्हा जुंपली. पण या वेळी भांडता भांडता दोघांचेही डोळे ओले झाले. खरंच सांगतो, दोन कधीही न भेटलेल्या गोऱ्या माणसांसाठी पूर्णगडात माणसं हळवी झाली. आणि गंगारामनं टूम काढली, टीव्हीच्या मुंबईच्या हापिसात पत्र लिहायचं. जुने साहेब परत आणा. ते काय काय बोलले होते तेही लिहायचं, म्हणजे हापिसवाल्यांना कळेल इथं कोण बसलंय. आणि पत्र लिहिणार कोण? इंग्रजी येणारी हमीदभाईंची इफ्फत!

सामना सुरू व्हायच्या आधी, चार वाजता, तिला बाकावर बसवून कागद-पेन दिलं. शेजारी हमीदभाई.

“लिही. मिशीसाहेब म्हणाले होते, भात शिजायच्या आधी झाकण काढू नका.”

“आधी टकलेसाहेबांचं! जाळ्याचं लिही गं. आणि बचाववाल्याचं, त्याचं नाव कुणाला आठवत नाही ते.”

“ते मिशीचं होतं!”

“टकलेसाहेबांचं! हमीदभाईंना विचार. हमीदभाई, बचाववालं टकलेसाहेबांचं ना?”

“बरोबर,” हमीदभाई म्हणाले.

“मिशीसाहेबांचं ना, रे?”

“बरोबर.”

माणसं हसली. वाईट हेतूनं नव्हे, पण हसली. हमीदभाईंच्या कानशिलाची शीर उडायला लागली. माझं आहे ते, मूर्खांनो, माझं! त्या उन्हातल्या मैदानांवर उभं राहून मिळवलेलं! एके काळी कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला होता, आणि आज तेच कळावं म्हणून त्यांचा जीव तळमळत होता. बंदरावर तोंड दाखवायची लाज आता कसली? तोंडात उरलंच काय होतं? मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, या माणसांनी आपल्याकडं बघून म्हणावं, हमीद, तू म्हणाला होतास.

गंगारामनं त्यांच्यासमोर चहाची बशी धरली आणि मायेनंच बोलला, “हमीदनं जमेल तेवढं सांगितलं बिचाऱ्यानं. पण साहेब दहा वाक्यं बोलायचे आणि हा चार सांगायचा. सहा तर वायाच गेली. काय काय बोलले असतील रे ते! निम्मंच पोचलं आपल्यापर्यंत. होय ना, हमीद?”

“बरोबर,” हमीदभाई म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आता एकच माणूस होतं जे खरं सांगू शकत होतं. ते इफ्फतकडं वळले. तिनं मान वर केली. त्यांनी डावा हात उचलला, गळ्याची कातडी चिमटीत धरली, सोडली. पुन्हा धरली, सोडली. सुटली, इफ्फत, शपथ सुटली, सांग यांना! जीव एकवटून तोंड उघडलं. “बरोबर! बरोबर!”

इफ्फत पांढरीफटक पडली. एक क्षण त्या गळ्याकडं बघत राहिली, मग मान खाली घालून तिनं जाळ्याचं वाक्य इंग्रजीत लिहिलं. त्याखाली भाताचं. त्याखाली बचाववाल्याचं, आणि कंसात ‘टकलेसाहेब’, ‘मिशीसाहेब’. गंगारामनं पत्र घडी करून गल्ल्यात ठेवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, इफ्फतसाठी.

घरी येईपर्यंत हमीदभाई तिच्याकडं बघायला तयार नव्हते. तिच्या हाताचा आधारही झिडकारला, भिंतीला धरून ओढत ओढत आले. मूठभर शब्द, पोरी! तेवढे टाकायला तुला काय धाड भरली होती?

सईदा आत नमाजाला उभी होती. इफ्फतनं अब्बांना पडवीत खुर्चीवर बसवलं, तेलाची वाटी आणली, खाली बसून रोजच्यासारखा त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि चोळू लागली. मग मान वर न करताच म्हणाली,

“हॉटेलात तुम्ही गळा धरून दाखवलात. मला कळलं, अब्बा.”

हमीदभाईंचा जीव भांड्यात पडला. कळलं!

“मला वाटलं होतं, मी शपथ मोडली ते तुम्हाला ठाऊक नाही. मी राहीला, माझ्या मैत्रिणीला, सांगितलं होतं. कॉलेजात, तिसऱ्या वर्षाला, दिवाळीच्या सुट्टीआधी. डब्याच्या वेळी गंमत म्हणून सांगितलं आणि दोघी हसलो. तुमच्या गळ्याची शपथ मोडून हसले मी. दोन महिन्यांत तुमची वाचा गेली.” तिचे हात थांबले होते, कपाळ त्यांच्या त्या मेलेल्या गुडघ्याला टेकलं होतं. “आज पुन्हा सांगू कशी? आता काय जाईल तुमचं? दीड वर्ष कुणाला बोलले नाही. माझ्यामुळंच गेला ना तुमचा गळा, अब्बा?”

अगं वेडे! रक्तदाब होता मला, डॉक्टरनं सांगितलं नव्हतं का? शपथेनं कुणाची वाचा जाते का? हमीदभाईंनी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, नाही. पण तिचा चेहरा गुडघ्यावर होता. तिच्या डोक्यावर हात ठेवला, केस धरून चेहरा वर करायला बघितलं, तर तिला वाटलं अब्बा कुरवाळतायत, आणि ती आणखीच हुंदके देऊ लागली. ‘नाही’ एवढाच शब्द हवा होता. दोन अक्षरं. हमीदभाईंनी सगळं बळ जिभेवर आणलं.

“बरोबर,” ते म्हणाले.

इफ्फतनं तशीच, गुडघ्यावर टेकलेली मान होकारार्थी हलवली. ओढणीनं नाक पुसलं, वाटीत बोटं बुडवली आणि पुन्हा पाय चोळायला घेतला.