ड्रमवरची ओढणी
फवारणीच्या धुराचा डिझेलसारखा वास आला की मला आमच्या दारातला निळा ड्रम आठवतो. धाकटी बहीण डेंग्यूनं गेली, त्याच आठवड्यात महापालिकेची माणसं घरोघर साठवलेलं पाणी तपासत आली. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून आई जुन्या पाण्यावरच नवं भरायची. एकानं ड्रममध्ये बॅटरी मारली. “अळ्या हायेत, मावशी. ओतावं लागंल, नाहीतर नोटीस निघंल. अन् वरून कापड बांधत जा.” एरवी तांब्याभर पाण्यासाठी भांडणारी आई “ओता” एवढंच म्हणाली. मग आत जाऊन बहिणीची ओढणी घेऊन आली आणि रिकाम्या ड्रमवर घट्ट बांधली. तीच ओढणी आता माझ्या टाकीवर आहे. रंग पार विटलाय. डास मात्र आत जात नाही.